मुखवट्यातील ध्वनिवर्धन

मुखवट्यातील ध्वनिवर्धन : संपूर्ण डोके झाकणाऱ्या सोंगाच्या मुखवट्याआड बारीक माइक लावून आतल्या कलावंताचे बोलणे कमरेच्या किंवा छातीवरच्या ध्वनिवर्धकातून बाहेर पोचवण्याची रीत. विदर्भातील खेड्यांत गणपती, हनुमान, नरसिंह, रावण, महिषासुर यांची सोंगे मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) दंडारीत (लोकनाट्यात), रामनवमी व दसऱ्याच्या शोभायात्रेत, गणेशोत्सवाच्या देखाव्यात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात निघतात. गावच्या बिछायत केंद्राकडे (मंडप व ध्वनिसाहित्य भाड्याने देणाऱ्याकडे) भोंगे, मशीन (अँप्लिफायर) आणि उभे माइक असतात. मुखवट्याच्या आत बसेल असे मात्र काही नसते. ती जोडणी मंडळालाच करावी लागते, आणि साहित्य साधे असले तर ती दोन-तीन तासांत होते.

कागदाच्या लगद्याचा किंवा फायबरचा जाड मुखवटा आवाज नुसता कमी करत नाही, तो बिघडवतो. स, श, च, त, ट, क ही व्यंजने ज्यांवर ओळखू येतात ते २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर कवचात अडकतात. खालचे स्वर मात्र आतल्या पोकळीत घुमून फुगतात. म्हणून प्रेक्षकाला ‘कोणीतरी बोलतंय’ एवढे कळते, शब्द कळत नाहीत. अशा वेळी मंचावर टांगलेला माइक वाढवला तर घुमणेच वाढते. कलावंताचीही यात फसगत होते. स्वतःचा आवाज त्याला आत दणदणीत ऐकू येतो, त्यामुळे तो नकळत हळू बोलू लागतो. या सगळ्या खटाटोपाचा हेतू आवाज मोठा करणे हा नाही, शब्द सुटे ऐकू येणे हा आहे. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यावरूनच ठरतात.

माइकची जागा

माइक मुखवट्याला चिकटवू नये, कलावंताच्या चेहऱ्यावर लावावा. मुखवटा नाचताना सरकतो, मान वळवली की थोडा मागे राहतो. माइक त्याच्याबरोबर सरकला तर तोंडापासूनचे अंतर सतत बदलते. ओठापासून २ सेंटीमीटरवरचा माइक ८ सेंटीमीटरवर गेला की मिळणारा आवाज सुमारे १२ डेसिबलने घटतो. तेवढी भरपाई करायला बटण फिरवले की शिट्टी सुरू होते. डोक्यावरून किंवा कानामागून येणारा हेडसेट माइक म्हणूनच सर्वांत सोयीचा. त्याची दांडी ओठांच्या कोपऱ्यापासून दीड-दोन सेंटीमीटरवर, गालाला जवळजवळ टेकून ठेवतात. तोंडाच्या थेट समोर ठेवला तर प, फ, ब, भ म्हणताना श्वासाचा झोत आदळून धप्प आवाज येतो आणि वाफेने माइक ओला होतो. दांडी मेडिकल दुकानात मिळणाऱ्या कागदी चिकटपट्टीने गालावर दोन ठिकाणी धरून ठेवावी. सेलोटेप घामाने दहा मिनिटांत सुटते. त्यावर फोमची टोपी हवीच.

माइक कोणता, यावर बराच गोंधळ असतो. मंचावर फक्त समोरून ऐकणारा एकदिश माइक चांगला मानला जातो, पण मुखवट्याच्या आत त्याचा फायदा उरत नाही. चहूबाजूंनी परतणारा आवाज त्याच्या पुढच्या-मागच्या दोन्ही छिद्रांत शिरतो, आणि मागची छिद्रे टेपने किंवा फोमने झाकली गेली तर तो सर्वदिशच (सगळीकडून सारखेच ऐकणारा) होऊन बसतो. साधी सर्वदिश इलेक्ट्रेट माइकची गोळी तोंडाजवळ ठेवली की खालचे स्वर फुगवत नाही, श्वासानेही कमी फडफडते. तीच घ्यावी.

ध्वनिवर्धक

शिक्षक वर्गात वापरतात तो कमरेचा छोटा स्पीकर या कामाला बहुधा पुरतो. तो ५ ते १० वॅटचा असतो, आत लिथियम सेल असतो आणि हेडसेट सोबतच येतो. मोबाइलचा हँडफ्री त्यात खोचून पाहण्याचा मोह टाळावा, कारण त्याच्या पिनेवर चार पट्टे असतात. माइकची जोडणी सहसा सर्वांत मागच्या पट्ट्यावर असते, तर या स्पीकरला ती टोकावर लागते. ‘माइक खराब आहे’ म्हणून परत जाणारे अनेक हँडफ्री प्रत्यक्षात धडधाकट असतात.

ब्लूटूथ स्पीकर अजिबात वापरू नये. त्यातून आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाइतका उशिरा निघतो, आणि स्वतःचेच बोलणे असे मागाहून कानी पडले की पाठ संवादही अडखळतात.

स्वतः जोडणी करणाऱ्यांसाठी सुटे भाग नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात मिळतात : ९.७ मिलिमीटरची इलेक्ट्रेट गोळी, २.२ किलोओहमचा रोधक (रेझिस्टर), ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र (कॅपॅसिटर), १० किलोओहमचे आवाजाचे बटण, आवाज वाढवणाऱ्या पीएएम ८४०३ चिपची छोटी पट्टी, ४ ओहम ३ वॅटचा स्पीकर, १८६५० मापाचा एक लिथियम सेल, टीपी ४०५६ चार्जिंग पट्टी (सेल अतिरिक्त रिकामा होऊ न देणारी, संरक्षण सर्किट असलेली) आणि स्विच. गोळीच्या ज्या टोकाचा पत्र्याच्या कडेशी संबंध दिसतो ते ऋण. दुसऱ्या टोकाला २.२ किलोओहममधून धन वीज द्यायची आणि त्याच टोकावरून ०.१ मायक्रोफॅरडमधून आवाज घेऊन बटणाकडे न्यायचा. हा धारित्र आणि १० किलोओहमचे बटण मिळून सुमारे १६० हर्ट्झखालचे घुमणे आपोआप कापतात. मुखवटा फारच घुमत असेल तर ०.०४७ लावावा, मग ही सीमा ३४० हर्ट्झच्या आसपास जाते. आवाज पातळ वाटतो, पण शब्द स्पष्ट होतात. गोळीला डाग देताना तापलेले सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, आतला पडदा उष्णतेने निकामी होतो.

मध्ये वेगळी पूर्ववर्धक (माइकचा आवाज आधीच वाढवणारी) पट्टी बहुतेकदा लागत नाही. तोंडापासून दोन सेंटीमीटरवर ओरडून बोलले की गोळी स्वतःच दहा-वीस, कधी शंभर मिलिव्होल्ट देते, आणि पीएएम ८४०३ ते आणखी २४ डेसिबलने वाढवते. बाजारातली ४० ते ६० डेसिबल वाढवणारी तयार माइक पट्टी जोडली तर आवाज फाटतो. त्यातही आपोआप पातळी सांभाळणारा प्रकार मुखवट्यात घातकच, कारण कलावंत गप्प झाला की पट्टी वाढ चढवत जाते, आधी श्वास ऐकू येतो आणि मग शिट्टी.

या चिपला ५.५ व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही. ५ व्होल्टला ४ ओहमवर ती ३ वॅटपर्यंत देते, एका ३.७ व्होल्टच्या सेलवर जवळपास निम्मेच. तिच्या स्पीकरची ऋण तार बॅटरीच्या ऋणाला कधीही जोडू नये, चिप जळते. सगळे जोडल्यावर मोठ्या आवाजाला ‘भकभक’ असा ठेका ऐकू आला तर स्पीकरच्या ओढीने माइकचा पुरवठा हलत असतो. गोळीला वीज देणाऱ्या धन तारेत, २.२ किलोओहमच्या आधी, १०० ओहमचा रोधक आणि या दोघांच्या मधून ऋणाकडे ४७० मायक्रोफॅरडचा धारित्र टाकला की तो थांबतो.

स्पीकर आणि शिट्टी

माइकने धरलेला आवाज स्पीकरमधून निघून पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि प्रत्येक फेरीत वाढत जातो, ही शिट्टी. तिला बटणाने नाही, जागेने आवरायचे असते. स्पीकर छातीच्या मध्यावर किंवा कमरेला, तोंड प्रेक्षकांकडे, आणि मुखवट्याच्या खालच्या कडेपासून निदान दीड वीत दूर असावा. गळ्याभोवतीची फट माळा, फेटा किंवा दुहेरी कापडाने बंद केली की खालून आत शिरणारा आवाज घटतो. मुखवट्याच्या आत कपाळ, गाल आणि मागच्या बाजूला १० मिलिमीटरचा मऊ फोम चिकटवावा. थर्माकोल निरुपयोगी, तो आवाज शोषत नाही. नाक-तोंडासमोरची छिद्रे मात्र मोकळी ठेवावीत.

आवाज सोंगाच्या तोंडातूनच यावा, असा हट्ट पुष्कळ मंडळे धरतात. तो रास्तही आहे. रावण छातीतून बोलताना दिसला तर रंग जातो. पण त्यासाठी स्पीकरची मागची बाजू पूर्ण बंद करावी लागते. पाण्याच्या पाइपच्या प्लास्टिक टोपणात ५० मिलिमीटरचा स्पीकर बसवून, आत थोडा कापूस भरून, कडा सिलिकॉनने बुजवतात. हे टोपण मुखवट्याला थेट स्क्रूने आवळू नये. मध्ये फोमची गादी ठेवली नाही तर कवच थरथरते आणि ती थरथर माइकपर्यंत पोचते. एवढे करूनही छातीवरच्या स्पीकरइतका आवाज काढता येत नाही, हे आधीच धरून चालावे. गणपतीच्या सोंगात सोंडेच्या मुळाशी ही जागा बरी मिळते.

३ वॅटच्या साध्या स्पीकरचा आवाज एका मीटरवर साधारण ९० डेसिबल भरतो, आठ मीटरवर ७२. शाळेच्या शांत पटांगणात किंवा देवळाच्या सभामंडपात तेवढा पुरे. मंडईच्या गर्दीत, बाजूला आकाशपाळणा आणि दोन दुकानांचे भोंगे चालू असताना तो दहा पावलांवरही लागत नाही. तिथे बिनतारी माइकने बिछायतवाल्याच्या मशीनला जोडणे हाच मार्ग. बिनतारी डबी कमरेला, अंगाच्या बाहेरच्या बाजूने, अँटेना मोकळी ठेवून लावावी. मुकुटातला पत्रा, चांदीचा कागद आणि घामाने भिजलेले शरीर लहरी अडवतात, म्हणून ती मुखवट्यात कधी ठेवू नये. मशीनवर २५० ते ५०० हर्ट्झचा भाग थोडा उतरवावा आणि ३ किलोहर्ट्झच्या आसपास किंचित चढवावा.

वीज, घाम आणि थंडी

सेल डोक्याजवळ ठेवू नये. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात पारा ४५ अंशांच्या घरात असतो आणि मुखवट्याच्या आत त्याहून वर जातो. लिथियम सेल ४५ अंशांहून जास्त तापमानात चार्ज करणेही वर्ज्य आहे. सेल कमरेला सुती पिशवीत, उन्हापासून झाकून असावा. २००० मिलिअँपिअर-तासाचा एक सेल बोलण्याच्या कामाला चार-पाच तास सहज चालतो. वीज गेलेली असेल तर कपाशीवर फवारणीच्या बॅटरी पंपातली १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी उपयोगी पडते, मात्र मध्ये मोटारीत लावतात तसा यूएसबी चार्जर घालून, म्हणजे ५ व्होल्टच पुढे जातील. त्या बॅटरीवर आणि तारांवर कीटकनाशक साचलेले असते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले. म्हणून तिचा वापर फक्त चार्जिंगपुरता, तोही सोंगाच्या कपड्यांपासून दूर. फवारणीचा मास्क किंवा त्याचा फोम माइकला लावणे तर नकोच.

उन्हाळ्यात घाम तारेवरून ओघळत माइकपर्यंत येतो. माइकच्या खाली तार एक वळसा देऊन लावली की थेंब वळशाच्या तळाशी गळून जातो. मंडईचा हंगाम भाऊबीजेनंतर, थंडीत येतो. तेव्हा अडचण वाफेची असते : गार कवचावर श्वास जमून पाणी होते, फोमची टोपी भिजते आणि आवाज आधी बोदा मग खरखरीत होतो. जवळ दोन-तीन कोरड्या टोप्या असाव्यात आणि प्रत्येक प्रवेशानंतर बदलाव्यात. आतल्या हवेसाठी ४० मिलिमीटरचा पंखा लावायचा असेल तर तो डोक्याच्या मागे, बाहेर हवा फेकणारा आणि वेगळ्या सेलवर असावा. त्याच सेलवर चालवला तर घरघर थेट स्पीकरमधून ऐकू येते.

आतल्या माणसाला ऐकू येणे हा भाग नेहमी विसरला जातो. सहकलावंताचा इशारा, ढोलकीचा ठेका, मागून येणारे वाहन यांपैकी काहीच त्याच्या कानी पडत नाही. दोन्ही कानांसमोर पाच-सहा बोटभर छिद्रे पाडून आतून मलमल लावावी. बाहेरून दागिन्यांत ती लपतात. माइकच्या तारेला गळ्यापाशी ओढताच सुटणारी पिन ठेवावी, म्हणजे भोवळ आली तर मुखवटा एका झटक्यात उतरतो. सोबत एक माणूस सतत असावा आणि उन्हात पंधरा-वीस मिनिटांनी मुखवटा उतरवून पाणी द्यावे.

तपासणी

क्रम महत्त्वाचा आहे. आधी माइक लावून चिकटपट्टी बसवावी, मग बटण शून्यावर ठेवून चालू करावे, मग मुखवटा घालावा, आणि कलावंताने प्रवेशातले सर्वांत मोठे वाक्य पूर्ण ताकदीने म्हणत असताना सोबत्याने बटण हळूहळू चढवावे. शिट्टीची चाहूल लागली की तिथून थोडे मागे घेऊन त्या जागी रंगाचा ठिपका द्यावा. ही तपासणी मुखवट्याशिवाय केली तर निरुपयोगी ठरते. मान डावी-उजवी, वर-खाली फिरवून, हात वर करून आणि गदा घेऊन पुन्हा पाहावे. गदेचा किंवा ढालीचा सपाट भाग स्पीकरसमोर आला की आवाज उलटून माइककडे जातो. तार हलवल्यावर खरखर झाली तर दोष बहुधा पिनेपाशी तुटलेल्या तारेत असतो, गोळीत नाही. टिर्र-टिर्र असा ठेका आला तर खिशातला मोबाइल दूर करावा. माइकची आणि स्पीकरची तार एकत्र बांधू नये.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणासाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. रुग्णालय, शाळा व न्यायालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग राज्य शासन शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. कमरेचा छोटा स्पीकरही ध्वनिक्षेपकच असल्यामुळे शोभायात्रेच्या परवानगी अर्जात त्याचाही उल्लेख करावा.

कार्यक्रम संपल्यावर फोमच्या टोप्या साबणाने धुऊन सावलीत वाळवाव्यात, माइक सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात ठेवावा. सेल पुढच्या हंगामापर्यंत पडून राहणार असेल तर अर्धा भरलेला ठेवून दर तीन महिन्यांनी तपासावा. मुखवटा मात्र डब्यात किंवा प्लास्टिकमध्ये बांधू नये. आतला फोम ओला राहिला की बुरशी धरतो, आणि पुढच्या वर्षी तोच श्वासात जातो.