काल जुळलेलं यंत्र आज का चुकतं?

मुंबईत ईईजी (मेंदूतल्या विद्युत संकेतांची नोंद) काढायला जायचं असेल तर आधी सांगतात: डोकं शाम्पूने धुऊन या, तेल लावू नका. कारण कवटीवरून मिळणारा संकेत जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा. इलेक्ट्रोडखालचं जेल सुकलं, घाम आला, की तो बदलतो. झोप, थकवा, औषधं यांनी तर खुद्द मेंदूचाच सूर पालटतो. तपासणीपुरतं हे निभावतं. याच संकेतावर, हात न लावता, रोज संगणकाचा कर्सर हलवायचा म्हटलं, म्हणजे मेंदू-संगणक जोडणी करायची म्हटलं, की खरी अडचण सुरू होते.

हान्स बर्गर यांनी माणसाचा ईईजी १९२४ मध्ये नोंदवला, १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. मेंदू थेट संगणकाला जोडण्याची कल्पना झाक विडाल यांनी १९७३ मध्ये मांडली. सुरुवातीला शिकण्याचा सगळा भार माणसावर होता. नील्स बिरबाउमर यांच्या १९९९ च्या प्रयोगातल्या जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलेल्या रुग्णांनी कित्येक महिने सराव केला, तेव्हा कुठे एकेक अक्षर निवडता आलं.

मग बर्लिनच्या संशोधकांच्या गटाने बाजू उलटवली: शिकायचं यंत्राने. थोडा वेळ हात हलवल्याची कल्पना करा, संगणक तुमचा नमुना उचलेल. पण नमुना घेताना पडदा शांत असतो; प्रत्यक्ष वापरात कर्सर पळतो, लक्ष त्याच्यामागे जातं आणि संकेत सरकतो. २००६ च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की संगणक दोन कल्पना (उदा. डावा हात की उजवा) वेगळ्या करतो ती सीमारेषा थोडी सरकवली तरी बरंच काम भागतं. मला हा निष्कर्ष नंतरच्या कित्येक अवजड पद्धतींपेक्षा मोलाचा वाटतो. शिवाय यंत्र सतत बदलत राहिलं तर वापरणाऱ्याने नेमकं काय पक्कं करायचं? दोघंही एकाच वेळी शिकताहेत, हा पेच आजही सुटलेला नाही.

मेंदूत इलेक्ट्रोड बसवले तरी सुटका नाही. मेंदू कवटीत किंचित हलतो, सुयांभोवती व्रणाची ऊती वाढते, काल ऐकू येणारी पेशी आज ऐकू येत नाही. मेंदूत इलेक्ट्रोड बसवून संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या ब्रेनगेट चमूने २०१५ मध्ये यावर उपाय दाखवला: रुग्णाने निवडलेल्या अक्षरांवरूनच त्याला कुठे जायचं होतं ते ओळखायचं आणि यंत्र परत जुळवायचं, वेगळं कॅलिब्रेशन (यंत्र जुळवण्याचा सराव) न करता. २०२३ मध्ये यंत्राने ओळखलेलं आणि भाषेच्या मॉडेलने (शब्दांचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामने) सुधारलेलं वाक्यच बरोबर उत्तर धरून हा मेळ वर्षभराहून अधिक काळ टिकवला गेला. २०२४ मध्ये मेंदूत चिप बसवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीच्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूतून इलेक्ट्रोडचे काही धागे मागे सरकले, तेव्हाही कंपनीने संकेत वाचण्याची रीत बदलूनच वेळ मारून नेली.

आपल्याकडे इंजिनीअरिंगचा विद्यार्थी हा विषय प्रोजेक्टला घेतो तेव्हा बहुधा ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठाचा २००८ चा खुला डेटा (संच ए) उतरवतो. त्यात नऊ निरोगी माणसं आहेत आणि प्रत्येकाची दोनच दिवसांची नोंद. हाजीअलीच्या पुनर्वसन केंद्रात येणाऱ्या रुग्णाचे महिने त्यात नाहीत, आणि सकाळी घरी त्याला इलेक्ट्रोडची टोपी चढवणारी बायको तर नाहीच.