टेस्टर पेटला नाही तरी वायर जिवंत असू शकते

खिशाला टेस्टर लावून फिरणारे निवृत्त गृहस्थ बेळगावच्या बहुतेक गल्ल्यांत भेटतात. कुणी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत हयात घालवलेली असते, कुणी वडगाव-खासबागेत माग चालवलेला असतो, कुणी खानापूर-निपाणीकडच्या शाळेत शिकवलेलं असतं. नोकरी सुटली की वेळ मिळतो आणि इतकी वर्षं नजरेआड झालेली कामं दिसू लागतात. पंखा हळू फिरतोय, गिझरचं बटण गरम होतंय, जिन्यातला दिवा लुकलुकतोय. ही कामं जरूर करावीत असंच माझं म्हणणं आहे. वायर सोलणं, स्क्रू आवळणं, फॉल्ट कुठे आहे ते शोधत जाणं यात बोटं, नजर आणि डोकं तिन्ही कामाला लागतात, आणि साठीनंतर शरीराला नेमकं तेच हवं असतं. पण चाळिशीत ज्या खुणांवर विसंबून आपण ही कामं केली, त्यातल्या काही खुणा आता दगा देऊ लागलेल्या असतात. त्यात पहिला नंबर टेस्टरचा.

टेस्टरच्या पारदर्शक दांड्यात एक मोठा रेझिस्टन्स, म्हणजे करंट अडवणारा भाग, आणि एक चिमुकला निऑन दिवा असतो. टोक फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेला, लावून आपण मागच्या टोपीवर बोट ठेवलं की करंट रेझिस्टन्समधून, दिव्यातून आणि मग आपल्या अंगातून जमिनीत जातो. तो एक मिलीअँपिअरच्या (अँपिअरच्या हजाराव्या भागाच्या) निम्म्याहूनही कमी असतो, म्हणून काही जाणवत नाही. पण सर्किट पूर्ण होतं ते आपल्या शरीरामुळे. आपण कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभे असलो तर ही वाट अडते आणि दिवा जेमतेम पेटतो.

तो जेमतेम पेटलेला दिवा दिसायला हवा. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान राहू लागते आणि भिंग पिवळसर होत जातं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या पडद्यावर पोचतो. आमच्या शेजारचे एक निवृत्त फिटर मे महिन्यात भर दुपारी पडवीतला होल्डर बदलायला स्टुलावर चढले होते. टेस्टर लावला आणि म्हणाले, "काही नाही ओ, डेड आहे." मी म्हटलं, "काका, जरा हाताचा आडोसा करून बघा की." त्यांनी डाव्या हाताची ओंजळ टेस्टरभोवती धरली. आत नारिंगी ठिपका होता, मोहरीएवढा, पण होता. बोर्डावरचं बटण बंदच होतं. जुन्या वायरिंगमध्ये कुणीतरी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, बसवलेलं होतं. अशा ठिकाणी बटण बंद केलं की दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट तसाच राहतो.

म्हणून नुसत्या टेस्टरवर जाऊ नये. आधी जिथे करंट नक्की आहे अशा सॉकेटमध्ये टेस्टर लावून तो पेटतो हे पाहावं, मग कामाच्या जागी लावावा, आणि नंतर पुन्हा त्या सॉकेटमध्ये. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला नाही ना, हे त्यामुळे कळतं. साधा मल्टिमीटर घेतला तर आणखी चांगलं, कारण त्यात आकडा दिसतो आणि आपलं शरीर सर्किटमध्ये येत नाही. आणि इन्व्हर्टर विसरू नका. मेन पाडल्यावर इन्व्हर्टर आपणहून सुरू होतो आणि त्याच्या लाइनवरचे दिवे-पंखे २३० व्होल्टवर जिवंतच राहतात. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद केल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही.

आता माणसाला धोका किती करंटचा? एक मिलीअँपिअरला झिणझिण्या येतात. दहाच्या आसपास हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वायर सोडावीशी वाटली तरी सुटत नाही. तीसच्या पुढे, करंट छातीतून काही क्षण वाहत राहिला, तर श्वास आणि हृदयाची लय धोक्यात येते. घरातल्या २३० व्होल्टला हातापासून पायापर्यंतच्या शरीराचा विरोध एक-दोन हजार ओहमच्या आसपास धरतात, अंग ओलं असेल तर आणखी कमी. भागाकार केला तर शंभर ते दोनशे मिलीअँपिअर येतात. ९ वॅटचा एलईडी बल्ब पेटायला सुमारे ४० मिलीअँपिअर लागतात. म्हणजे घरातला साधा बल्ब ज्यावर जळतो तेवढा करंट माणसाला पुरे होतो.

बोर्डातला एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा खटका, यात आपल्याला वाचवत नाही, आणि हे अनेकांना पटत नाही. ६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे ६००० मिलीअँपिअर. त्याचं काम वायर तापून आग लागू नये हे. आपल्या अंगातून जाणारे दोनशे मिलीअँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतात. जुन्या घरांतल्या चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजचंही तेच. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून जितका करंट आत गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे तो सतत ताडून पाहतो. त्याच्या पोटात एक चुंबकीय कडं असतं आणि दोन्ही तारा त्यातून जातात. जमाखर्च जुळला की कड्यात काही उमटत नाही. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला, की सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत तो लाइन तोडतो. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर त्याला काही कळत नाही, कारण त्याच्या हिशेबाने सगळा करंट परत आलेला असतो. घेताना ३० मिलीअँपिअरचा आणि आयएस १२६४० या मानकाचा घ्यावा, परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा, आणि महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो खाली पडतो का ते पाहावं. वर्षानुवर्षं न हललेला आरसीसीबी आतून जाम झालेला असू शकतो.

जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात भिंती ओल धरतात आणि आरसीसीबी सारखा पडू लागतो. मग वैतागून तो बायपास करून टाकायचा, ही खोड मी अनेक घरांत पाहिली आहे. तो पडतो कारण कुठेतरी करंट गळतो आहे. सगळे एमसीबी पाडून एकेक वर करत गेलं की बहुधा कुठली लाइन ओली आहे ते समजतं. हे शोधकाम निवृत्त माणसाच्या हातचं आहे. पुढची दुरुस्ती वायरमनवर सोपवावी.

गळतीची दुसरी खूण पूर्वी बिलात दिसायची. २०० मिलीअँपिअर सतत गळत असतील तर महिन्याला सुमारे ३३ युनिट जातात. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेमुळे पुष्कळ घरांचं बिल शून्य येतं, आणि शून्य बिल कुणी वाचत नाही. रक्कम सोडा, युनिट वाचा. ते विनाकारण वाढले असतील तर घरातली सगळी उपकरणं पिना काढून बंद करा, इन्व्हर्टरही, एमसीबी मात्र चालू ठेवा, आणि मीटरवरचा लाल दिवा पाहा. काहीही चालू नसताना तो लुकलुकत राहिला तर गळतीचा संशय घ्यायला जागा आहे.

अर्थिंगचा, म्हणजे उपकरणांचं धातूचं अंग तारेने जमिनीत पुरलेल्या पाइपाला जोडण्याचा, मात्र आपल्या भागात नीट विचार करावा लागतो. जिल्ह्याच्या पश्चिमेला, खानापूर आणि बेळगाव तालुक्यात, जांभ्याची लाल माती. पाऊस भरपूर, पण पाणी लवकर निचरतं. पूर्वेला अथणी-रायबाग-गोकाककडे काळी माती, ती उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. दोन्हीकडे एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती कोरडी पडते आणि तिचा विरोध वाढतो. समजा तो १० ओहम झाला आणि गिझरच्या टाकीला फेज लागला. मातीतून वाहणार २३ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर लगेच पडत नाही, मिनिटं जाऊ शकतात, आणि तोवर गिझरची टाकी आणि नळ करंटवर असतात. तिथे आरसीसीबी असेल तर अर्थिंग १०० ओहम इतकं वाईट असलं तरी २.३ अँपिअर जातात, आणि त्याला तर ०.०३ पुरतात. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं आणि आरसीसीबीही ठेवायचा. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

काही जुन्या घरांत अर्थिंगची वायरच नसते आणि तीन पिनच्या सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडून दिलेली असते. हे सापडलं तर ते सॉकेट त्या दिवसापासून वापरू नका. बाहेर कुठे न्यूट्रल तुटला की फ्रिजचं, वॉशिंग मशीनचं पत्र्याचं अंग थेट फेजवर येतं.

इतकं सगळं करंटबद्दल सांगितलं, तरी साठीच्या माणसाला या कामात जास्त भीती शिडीची वाटायला हवी. पंख्याचंच घ्या. पंखा मंद झाला की बहुतेक वेळा त्याचा कंडेन्सर गेलेला असतो. छताच्या पंख्यात तो साधारण अडीच मायक्रोफॅरडचा असतो. मोटरमधल्या दुसऱ्या वाइंडिंगमधला (तारेच्या गुंडाळीतला) करंट तो थोडा पुढे सरकवतो, त्यातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पंख्याला जोर मिळतो. कंडेन्सर सुकला की जोर उतरतो. वस्तू स्वस्त, काम दहा मिनिटांचं, पण बसवलेला असतो वर, पंख्याच्या दांड्यावरच्या वाटीखाली.

तिथे पोचल्यावर मान मागे जाते आणि दोन्ही हात डोक्याच्या वर जातात. हात वर धरून केलेल्या कामात नाडी आणि रक्तदाब पायांच्या तेवढ्याच कामापेक्षा जास्त चढतात. मान मागे टाकली की कानाच्या आतले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे काहींच्या बाबतीत जागचे हलून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात आणि घर गरगरतं. त्यात बीपीच्या गोळ्या, किंवा प्रोस्टेटच्या त्रासावरच्या काही गोळ्या चालू असतील तर वाकून हत्यार घेतलं आणि झटकन उभं राहिलं की रक्तदाब घसरतो. घरी बीपीचं मशीन असेल तर ही तपासणी करा: पाच मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा आणि शिडी दुसऱ्या कुणाला चढू द्या.

दुसरी चाचणी त्याहून सोपी. भिंतीजवळ, कुणीतरी शेजारी असताना, एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का ते पाहा. २०२२ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ब्राझीलमधल्या ५१ ते ७५ वयाच्या १७०२ जणांचा अभ्यास आला. सुमारे पाचातल्या एकाला हे जमलं नाही, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या सात वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. पाय डळमळला म्हणून माणूस मरतो असं त्यातून निघत नाही. पण तोल हा सगळ्या शरीराची खबर देतो, आणि तो सरावाने सुधारतो. रोज दात घासताना ओट्याला एक हात लावून हा सराव करता येतो. सकाळी किल्ला तलावावर फिरायला जाणाऱ्यांनी चालण्यात याची भर घालावी.

शिडीवर न चढता करण्यासारखं, आणि माझ्या मते सगळ्यात आधी करण्यासारखं काम म्हणजे जिन्याचा आणि न्हाणीच्या वाटेचा उजेड. कौलारू घरात न्हाणी बहुधा मागच्या दारी असते आणि रात्री दोनदा उठावं लागतं. जिन्याला वर आणि खाली असं दोन्हीकडून चालणारं टू-वे बटण वायरमनकडून बसवून घ्या. वाटेवर पायाच्या उंचीला अर्ध्या-एक वॅटचे पिवळसर नाइट लॅम्प लावा. सॉकेटमध्ये खोचायचे दिवे असल्यामुळे ते तुम्हालाच लावता येतील. डोळ्यांवर न येणारा, पायरीच्या कडेवर पडणारा उजेड हवा.

कुणाला शॉक बसलाच तर आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करा. जमलं नाही तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर करा, माणसाला हात लावू नका. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा. माणूस उठून बसला, चहा प्यायला, तरी शुद्ध हरपली होती, करंट छातीतून गेला होता किंवा हृदयाचा विकार आहे, अशा वेळी त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा. शॉकमुळे शिडीवरून पडून डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर बरं वाटत असलं तरी गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठावा. डोक्यातला रक्तस्राव अशा माणसात काही तासांनीही डोकं वर काढू शकतो.