कर्नलची रंगीत तालीम

आमच्या साताऱ्यात कर्नल म्हटलं की डोळ्यांपुढं वर्दीच येते. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव जिल्ह्यात असल्यावर दुसरं काय येणार! 'सध्या कर्नल तपासतोय,' असं मी म्हणालो, तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, 'कुठल्या रेजिमेंटचे?'

हा कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वायफाय यांच्याशी थेट व्यवहार करणारा. मी बोलतोय लिनक्सच्या कर्नलबद्दल. लिनस टोरवाल्ड्सनं तो १९९१ मध्ये, विद्यार्थी असताना सुरू केला. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच आहे.

त्याची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे नवे बदल आत घेतात, मग दार बंद. त्यानंतर बहुधा दर रविवारी एक चाचणी आवृत्ती निघते: आरसी-१, आरसी-२ असं करत आरसी-७ किंवा ८ पर्यंत. या काळात प्रामुख्यानं दुरुस्त्याच होतात. नाटकवाल्यांच्या भाषेत ही रंगीत तालीम.

या तालमीला आपल्यासारखे प्रेक्षक का लागतात? एका आवृत्तीत दहा हजारांवर बदल असतात आणि जगातला प्रत्येक लॅपटॉप कुठल्याच प्रयोगशाळेत नसतो. माझ्याकडचा बारा वर्षांचा, बिजागरी सैल झालेला लॅपटॉप म्हणूनच कामाचा.

२०२१ च्या मार्चमधला किस्सा बघा. मेमरी कमी पडली की कर्नल तिच्यातला काही मजकूर डिस्कवर हलवतो, त्याला स्वॅप म्हणतात. ५.१२ च्या आरसी-१ मध्ये स्वॅपसाठी फाइल वापरणाऱ्यांच्या बाबतीत जागेचा हिशेब चुकला. मजकूर त्या फाइलमध्ये न जाता डिस्कवर भलतीकडेच लिहिला जाऊ लागला आणि आधीचा डेटा खराब होऊ लागला. ज्यांचं स्वॅप वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या राखून ठेवलेल्या भागावर होतं, त्यांना याचा पत्ताही लागला नाही. टोरवाल्ड्सनं त्या आवृत्तीच्या नावाला 'डोन्टयूज' असं शेपूट जोडलं आणि रविवारची वाट न बघता शुक्रवारीच आरसी-२ काढली.

तेव्हा बॅकअप आधी, हौस नंतर. ऑफिसचं मशीन यात ओढू नका. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला आरसी-१ नकोच, तीन-चार आठवडे जाऊ द्यात. जुना कर्नल काढायचा नाही, नवा त्याच्या शेजारी बसवायचा. मशीन उठलंच नाही, तर ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या मेनूतून जुना निवडायचा. नवा निवडल्यावर सुरुवातीलाच सहीची तक्रार आली, तर ती बहुतेक वेळा सिक्युअर बूटची, म्हणजे ओळखीची डिजिटल सही नसलेला कर्नल सुरू होऊ न देणाऱ्या सोयीची असते.

कर्नल बांधायला, म्हणजे मूळ कोडपासून चालवण्याजोगा करायला, जुन्या मशीनवर तासन्‌तास जातात. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही कमांड, त्या क्षणी वापरात असलेलीच ड्रायव्हर मॉड्यूल (हार्डवेअर चालवणारे कर्नलचे तुकडे) ठेवून बाकीची गाळते. बराच वेळ वाचतो, पण गंमत अशी की मी कमांड दिली तेव्हा यूएसबी वायफाय डोंगल खिशात होता. नवा कर्नल झकास उठला, इंटरनेट मात्र गायब! मध्येच वीज गेली, तर घाबरू नका. पुन्हा 'मेक' ही बांधणीची कमांड दिली की झालेलं काम बहुतेक तसंच राहतं.

पुढं खास काही करायचं नाही. रोजचं काम करा. झाकण लावून मशीन झोपवा, उठवा, आवाज ऐका, प्रिंट काढा. आणि 'डीमेसेज' ही कमांड दाखवते ते कर्नलचे संदेश जुन्या कर्नलच्या संदेशांशी ताडून बघा.

काही बिघडलंच, तर दहा हजार बदलांतला दोषी कोणता? नदीवरून शेतापर्यंत आणलेली पाइपलाइन चोंदली, तर आपण प्रत्येक जॉइंट खोलत बसत नाही. मधला खोलतो. तिथवर पाणी आलं तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची 'गिट बायसेक्ट' ही कमांड हेच करते. दरवेळी मधला कर्नल बांधायचा, चालवायचा, 'गुड' की 'बॅड' एवढंच सांगायचं. दहा हजारांतून एक शोधायला जास्तीत जास्त चौदा फेऱ्या लागतात. माझ्या लॅपटॉपवर म्हणजे दोन शनिवार-रविवार, मध्ये चहा धरून.

तक्रारीत 'चालत नाही' एवढंच लिहू नका. शेवटची चांगली आवृत्ती कोणती, पहिली बिघडलेली कोणती, हार्डवेअर काय, संदेश काय आले, हे सगळं द्या. दुरुस्ती झाली की तिच्या नोंदीत सहसा 'रिपोर्टेड-बाय' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढं तुमचं नाव. काकांना आता ती ओळ बघायची आहे.