सरासरी सागरपृष्ठ-उंची आणि प्रवाहांचे उपग्रही मापन

लाटा आणि भरती-ओहोटी बाजूला ठेवल्या, तरी समुद्राचे पाणी सपाट नसते. त्याच्या पृष्ठभागावर दोन तऱ्हेचे चढउतार असतात. पहिला गुरुत्वाकर्षणाचा. पृथ्वीच्या पोटात वस्तुमान सारखे पसरलेले नसल्याने स्थिर पाण्याचा पृष्ठभागही (जिऑइड) श्रीलंकेच्या दक्षिणेला आदर्श लंबगोलाच्या सुमारे १०६ मी. खाली, तर न्यू गिनीजवळ सुमारे ८५ मी. वर असतो. या ‘खड्ड्यात’ जहाज घसरत नाही, कारण ओळंबा सगळीकडे याच पृष्ठभागाला काटकोनात राहतो. दुसरा चढउतार प्रवाहांशी निगडित असतो. साऱ्या जगाचा धरला तरी तो दोन-तीन मीटरच भरतो. त्याची अनेक वर्षांची सरासरी म्हणजे सरासरी गतिक उंची.

ही उंची वजाबाकीने मिळते. उपग्रहावरील रडार पाण्यावर स्पंद सोडते आणि तो परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते. उपग्रहाच्या उंचीतून हे अंतर वजा केले की पाण्याच्या पृष्ठाची उंची मिळते आणि तिच्यातून जिऑइडची उंची वजा केली की गतिक उंची उरते. १९९२ साली सोडलेला टोपेक्स-पोसायडन हा अमेरिका व फ्रान्स यांचा उपग्रह १,३३६ किमी. उंचीवरून दर सुमारे दहा दिवसांनी त्याच वाटेने फिरे. जेसन मालिकेने ते काम पुढे चालवले. मात्र जिऑइडच नीट ठाऊक नसेल, तर वजा करायचे काय? ही उणीव ग्रेस (२००२) आणि विशेषतः गोसे (२००९) या उपग्रहांनी बरीचशी भरून काढली. गुरुत्वाकर्षणातील बारीक फरक टिपण्यासाठी गोसे जेमतेम २५५ किमी. उंचीवरून फिरत असे.

उंचीवरून प्रवाह काढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: मोठ्या अंतरावर समुद्राचे पाणी उताराने खाली धावत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे जाणवणाऱ्या कोरिऑलिस बलामुळे ते समउंचीच्या रेषांना धरून वाहते. उत्तर गोलार्धात उंच पाणी प्रवाहाच्या उजव्या हाताला असते. ४५ अंश अक्षांशावर १०० किमी.मध्ये १ मी. उतार असेल, तर वेग सेकंदाला जवळपास १ मी. येतो. अटलांटिकमधील गल्फ स्ट्रीम हा प्रवाह नकाशावर ठळक उठून दिसतो तो अशाच उतारामुळे. विषुववृत्तावर कोरिऑलिस बलाचा आडवा घटक शून्य होतो, म्हणून तिथे हे गणित चालत नाही. वाऱ्याने ओढलेला पृष्ठालगतचा प्रवाहही त्यातून सुटतो. त्यासाठी तरंगत्या बोयांची जोड घेतात. किनाऱ्यालगत जमिनीचा प्रतिध्वनी मिसळून मापन बिघडते, ते निराळेच.

अरबी समुद्राच्या बाबतीत ‘सरासरी’ हा शब्द जपूनच वापरावा. भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, तर हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. हिवाळ्यात लक्षद्वीपजवळ पाणी फुगते. सोमालियाचा प्रवाहही मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलतो. वर्षाची सरासरी घेतली की हे उलटसुलट प्रवाह एकमेकांना बरेचसे खोडतात. त्यामुळे इथे सरासरी नकाशा पाया म्हणून वापरतात आणि त्या-त्या वेळी मोजलेला फरक त्यात मिळवून प्रत्यक्षातली उंची काढतात. इस्रो आणि फ्रान्सची अंतराळ संस्था यांनी २०१३ साली श्रीहरिकोटाहून सोडलेल्या सरल उपग्रहावरील अल्टिका हे उपकरण असेच फरक मोजण्यासाठी होते. त्याची सुमारे ३५ गिगाहर्ट्झची वारंवारता आधीच्या रडारांपेक्षा बरीच जास्त असल्याने किनाऱ्याच्या अधिक जवळची मापे घेता आली. तोटा एवढाच, की जोरदार पावसात तिचे संकेत क्षीण होतात.