गल्लीतला वेग: गतिरोधकाच्या आधीची गोष्ट

गल्लीतून गाड्या सुसाट जायला लागल्या की आपल्याकडे पहिली मागणी होते ती गतिरोधकाची. पण राहत्या वस्तीतली वाहतूक संथ करण्याचा विचार मुळात पूर्ण रस्त्याचा होता.

१९६३ साली ब्रिटनमध्ये कॉलिन ब्युकॅनन यांचा अहवाल आला. एखादी वस्ती किती वाहनं सोसू शकते याला मर्यादा असते, त्यामुळे आरपार जाणारी वाहतूक तिथून बाहेर काढा, हे त्याने स्पष्ट मांडलं. नेदरलँड्समधल्या नियोजनकारांनी ते मनावर घेतलं. साठच्या दशकाच्या शेवटी डेल्फ्ट शहरात पालिकेचे अभियंते योस्ट वाल आणि रहिवाशांनी गल्ल्यांचं रूपच बदललं. फुटपाथ आणि रस्ता एका पातळीवर आणला. मध्येच झाड, कुठे बाक, पार्किंग एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे. समोर सरळ, मोकळा पट्टा दिसतच नसल्याने चालकाचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा. अशा गल्लीला 'वूनर्फ' म्हणतात.

ही कल्पना देशभर पोचली ती मात्र दुःखातून. १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसं गेली; त्यांत ४००हून अधिक मुलं होती. अपघातात स्वतःची मुलगी गमावलेले पत्रकार विक लांगेनहॉफ यांनी १९७२ मध्ये 'मुलांचे खून थांबवा' असा लेख लिहिला आणि त्याच नावाने चळवळ उभी राहिली. आमस्टरडॅमच्या डी पाइप या दाट वस्तीत तर खेळायला जागा हवी म्हणून मुलांनीच रस्ता अडवला. १९७६ मध्ये वूनर्फला कायद्याचं बळ मिळालं: गाडीने माणसाच्या चालण्याच्या वेगाने जायचं, आणि पादचाऱ्यांना रस्त्याची पूर्ण रुंदी खुली. घर, माणसं, चेंडू आणि गाडी असलेली निळी पाटी तिथे आजही दिसते. जर्मनीत १९८३ साली बुक्स्टेहुडे गावात ताशी ३० किलोमीटरचा पहिला विभाग सुरू झाला.

आपला गतिरोधक आला तो दुसऱ्या वाटेने. ब्रिटनच्या सरकारी रस्ते-संशोधन प्रयोगशाळेने १९७३ मध्ये १२ फूट रुंद, ४ इंच उंच, गोलसर उंचवट्याचं माप मांडलं. आपल्याकडे रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९८८च्या मार्गदर्शिकेतही तेच आकडे मीटरमध्ये भेटतात: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, ओलांडण्याचा वेग ताशी २५ किलोमीटर. शिवाय आधी सूचनाफलक आणि वर रंगाचे पट्टे हवेत.

प्रत्यक्षात गल्लोगल्ली जे उंचवटे आहेत ते अरुंद, टोकदार आणि बिनरंगाचे. रात्री दुचाकीवर मागे बसलेल्या बाईला ते आपटूनच कळतात, आणि रुग्णवाहिकेतल्या पेशंटचे हाल वेगळेच. एवढं करून गतिरोधक मागे पडला की चालक पुन्हा वेग घेतोच. २०१८च्या सुधारित मार्गदर्शिकेत फक्त गतिरोधक नाहीत, वाहतूक संथ करण्याचे इतर उपायही आहेत. वॉर्ड ऑफिसला अर्ज देताना रहिवाशांनी उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग किंवा चौकातली अरुंद केलेली वळणंही जरूर मागावीत.