चर्चमध्ये लग्न ठरलंय? आधी बाप्तिस्म्याचा नवा दाखला काढा

लॅमिनेट केलेला बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन लग्नाची नोंद करायला जाऊ नका. तो चालत नाही. वसईतल्या एका धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, ऑफिसात रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) मी लोकांना फॉर्म भरून देतो. तिथून हात हलवत परत जाणारे बहुतेक जण ह्याच एका कागदापायी जातात. आई बिचारी पंचवीस-तीस वर्षं जपलेली पिशवी उघडते, आत दाखला कोरा करकरीत असतो, आणि तरी फादर म्हणतात, ‘नवीन आणा.’ मग घरात भांडण, की फादर मुद्दाम अडवतात.

अडवत नाहीत. कॅथलिक माणसाच्या मुख्य संस्कारांचा हिशोब एकाच वहीत राहतो, आणि ती वही असते तुमचा बाप्तिस्मा झाला त्या चर्चमध्ये. तुमच्या नावाच्या नोंदीशेजारी समास सोडलेला असतो. पुढे तुमचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं, लग्न झालं, कुणी फादर होण्यासाठी गुरुदीक्षा घेतली, की ते जिथे घडलं तिथल्या चर्चने मूळ चर्चला कळवायचं आणि त्यांनी ते समासात टिपून ठेवायचं. म्हणून आज काढलेली नक्कल सांगते की ह्या माणसाचं चर्चमध्ये अजून लग्न झालेलं नाही. तुमचा १९९६ सालचा दाखला एवढंच सांगतो की १९९६ साली तुम्ही बाळ होतात. नक्कल सहसा सहा महिन्यांच्या आतली मागतात. हे सहा महिने लग्नाच्या तारखेपासून मागे मोजायचे. काही जण साखरपुड्यालाच घाईने दाखला काढून ठेवतात आणि लग्न लांबलं की तो शिळा होतो.

दाखला मिळतो तो बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामातच. वसई धर्मप्रांत (एका बिशपांच्या हाताखालचा चर्चचा विभाग) १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला, त्यामुळे ‘आमचं त्याआधीचं आहे, मुंबईला जावं लागेल का?’ असं बरेच विचारतात. नाही. वह्या जिथे होत्या तिथेच आहेत. तुमचा बाप्तिस्मा आजोळी झाला असेल तर मात्र आजोळच्या चर्चला जा, आणि जायच्या आधी ऑफिसची वेळ फोन करून विचारा. दारावरच्या पाटीवरची वेळ आणि ऑफिस खरोखर उघडं असण्याची वेळ ह्यांचं जुळतंच असं नाही.

आता नावाचा घोळ. वहीत ‘पेद्रू’, शाळेच्या दाखल्यावर ‘पीटर’, आधारवर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. आजीने बाप्तिस्म्याला एक नाव दिलं, बापाने शाळेत दुसरं घातलं, आणि पंचवीस वर्षं कुणाचं काही अडलं नाही. फादर मूळ नोंदीत खाडाखोड करत नाहीत, तुम्हीही तसा आग्रह धरू नका. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र घेऊन अर्ज करायचा. दुरुस्ती धर्मप्रांताच्या कार्यालयाच्या परवानगीने समासात लिहिली जाते. ह्याला वेळ लागतो, तेव्हा लग्नपत्रिका छापायच्या आधी वहीतलं नाव बघून या.

दुसरी अडचण दृढीकरणाची. शिकायला म्हणून दुसऱ्या गावी राहिलात, तिथे बिशपांच्या हातून दृढीकरण झालं, फोटोही आहेत, पण तिथल्या ऑफिसने मूळ चर्चला कळवलंच नाही. समास कोरा. अशा वेळी दृढीकरण झालेल्या चर्चमधून वेगळा दाखला आणावा लागतो. चूक ऑफिसची आणि खेटे तुमचे. मलाही हे पटत नाही, पण रस्ता तोच आहे.

मोकळीकीचं पत्र

सगळ्यात जास्त दमवणारा कागद हा. अठरा वर्षांचे झाल्यावर ज्या ज्या ठिकाणी तुम्ही सहा महिन्यांहून जास्त राहिलात, तिथल्या चर्चकडून ‘ह्यांचं इथे लग्न झालेलं नाही’ असं पत्र मागतात. कुवेत, दोहा, दुबईला नोकरी केलेल्यांची इथे फे फे उडते. तिथली चर्चं थोडी, माणसं अफाट, आणि तुमचं नाव तिथे कुणाच्या यादीत नसतं. तिथे असतानाच धर्मग्रामात नाव नोंदवा आणि निघण्यापूर्वी पत्र हातात घ्या. बोटीवर काम करणाऱ्या मुलाने कुठल्या चर्चचं पत्र आणायचं? समुद्राला धर्मग्राम नसतो. त्याने लपवाछपवी न करता फादरांना सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, दाखवावी. लहानपणापासून ओळखणारे दोन साक्षीदार आणि प्रतिज्ञापत्र ह्यांवर मार्ग काढता येतो. हे फादर आपण होऊन सांगतीलच असं नाही, तुम्ही विचारा.

बाकीचं सरळ आहे: निदान तीन महिने आधी फादरांना भेटायचं, विवाहपूर्व शिबिर करायचं (जागा भरतात, आधी नाव घाला), दोघांची स्वतंत्र चौकशी होते, तीन रविवार नावं पुकारली जातात, लग्नाला दोन साक्षीदार लागतात. हॉल आधी आणि फादर नंतर, असं मात्र करू नका. हॉलची तारीख उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस, तेव्हा सहसा लग्नं लावत नाहीत) निघाली तर ऐनवेळी तोंडचं पाणी पळतं. आणि मामेबहीण, आतेबहीण, चुलत, मावस, कुणाशीही लग्न ठरवत असाल तर बिशपांची सूट घेतल्याशिवाय ते होत नाही. इतर समाजात मामाची मुलगी चालते म्हणून इथे चालेल, असं धरून बसू नका.

जोडीदार हिंदू, मुसलमान किंवा बौद्ध असेल तर पहिला प्रश्न येतो, ‘धर्म बदलावा लागेल का?’ लागत नाही. बाप्तिस्मा न झालेल्याशी लग्न करायला बिशपांची सूट लागते आणि प्रॉटेस्टंट जोडीदारासाठी परवानगी. अर्ज फादरच पाठवतात. आपण श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना बाप्तिस्मा देण्यासाठी होईल तेवढं करू, असं वचन कॅथलिक बाजूने द्यायचं असतं. दुसऱ्या बाजूला त्याची फक्त कल्पना दिलेली असावी लागते, तिच्याकडून सही करून वचन घेत नाहीत. एवढं कळलं की सासरच्या मंडळींचा चेहरा निवळतो. त्या जोडीदाराला बाप्तिस्म्याचा दाखला मागून घाबरवू नका. त्याचा जन्माचा दाखला, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि ओळखणारे दोन साक्षीदार पुरतात.

व्हिसासाठी घाईने कोर्टात लग्न केलेले खूप येतात. सरकारच्या लेखी तुम्ही नवराबायको आहात, पण कॅथलिकाचं लग्न सूट नसताना धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर झालं नसेल तर चर्चच्या लेखी ते झालेलंच नाही. हे फादरांपासून लपवण्यात काहीच मिळत नाही. कोर्टाचा दाखला समोर ठेवा, पुढची वाट त्यातूनच निघते. उलट बाजूचा गैरसमज तर जास्त महागात पडतो. चर्चच्या न्यायासनाने पहिलं लग्न अवैध ठरवलं म्हणून सरकारी घटस्फोट झाला, असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ साली आणि पुन्हा २०१७ साली सांगितलं आहे. दोन्ही कागद वेगवेगळे मिळवावे लागतात, आणि सरकारी घटस्फोट नसताना पुन्हा लग्न केलं तर गुन्हा होऊ शकतो.

बाळाचा बाप्तिस्मा

इथे अडतं ते धर्मपिता आणि धर्ममाता (गॉडफादर, गॉडमदर) ह्यांच्यावर. आईवडील स्वतः होऊ शकत नाहीत. सोळा वर्षं पूर्ण, कॅथलिक, दृढीकरण झालेलं, आणि चर्चच्या नियमाप्रमाणे जगणारं माणूस हवं. फक्त कोर्टात लग्न केलेला लाडका काका इथे बाद होतो, आणि मग तो वर्षभर रुसतो. दोघं मिळालीच पाहिजेत असंही नाही, एक पुरेसा. जिवलग हिंदू मैत्रीण असेल तर ती शेजारी उभी राहू शकते, वहीत मात्र तिचं नाव धर्ममाता म्हणून येत नाही. आईवडिलांचं चर्चमध्ये लग्न झालेलं नसेल तरी बाळाला बाप्तिस्मा मिळू शकतो. बाळ श्रद्धेत वाढेल अशी आशा फादरांना वाटली पाहिजे, एवढंच. लाजेपायी घरी बसू नका.

ज्या संस्कारासाठी एकही कागद लागत नाही, तो मागायलाच लोक सगळ्यात उशीर करतात. आजाऱ्याला तेल लावायला फादर आले म्हणजे आता सगळं संपलं, असं आपल्याकडे अजूनही समजतात. म्हणून आजोबा शुद्धीवर असेपर्यंत कुणी फोन करत नाही, आणि रात्री दोन वाजता व्हेंटिलेटर लागल्यावर करतात. आजारपणाने किंवा म्हातारपणाने धोका सुरू झाला की हा संस्कार घेता येतो. बरे होऊन पुन्हा आजारी पडलात तर पुन्हाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आजोबा स्वतः पापनिवेदन करू शकतील, दोन शब्द बोलू शकतील, तेव्हा बोलवा. आणि तुमच्या गावच्या फादरांना शोधत बसू नका. हॉस्पिटल ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत आहे, तिथला नंबर आजच मोबाईलमध्ये घालून ठेवा.