ब्लड कॅन्सरमधून बरं झालेलं पोर आणि हाडात गाडलेला गवंडी

मागच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधली एक ताई रिपोर्ट घेऊन आली, रडून डोळे सुजलेले. मुलगा तेरा वर्षांचा. सहाव्या वर्षी एएलएल झाला होता, म्हणजे लहान मुलांत सगळ्यात जास्त दिसणारा ब्लड कॅन्सर, अडीच वर्षं ट्रीटमेंट चालली, आता ठणठणीत आहे. पाठ दुखते म्हणून डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली तर रिपोर्टवर टी-स्कोअर उणे २.६ आणि खाली ठळक अक्षरात 'ऑस्टिओपोरोसिस', म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याचा शिक्का. घरच्यांनी लगेच क्रिकेट बंद केलं, सायकल बंद, पीटीच्या तासाला बाकावर बसायचं.

आधी रिपोर्टचं बोलू. टी-स्कोअर म्हणजे तुमचं हाड तिशीतल्या निरोगी माणसाच्या हाडाशी ताडून बघणं. वाढत्या पोराला तिशीतल्या बाप्याशी ताडलं तर आकडा कमी येणारच! मुलांसाठी झेड-स्कोअर बघतात, त्याच वयाच्या मुलांशी तुलना, आणि त्यातही उंची धरावी लागते, कारण डेक्सा सपाट फोटो काढतो, त्यात बुटक्या मुलाचं छोटं हाड उगाच विरळ दिसतं. मुलांत नुसत्या स्कोअरवरून ऑस्टिओपोरोसिस म्हणतच नाहीत, एखादा मणका दबलेला असावा लागतो किंवा कमी स्कोअरसोबत हातापायाची लांब हाडं वारंवार मोडलेली असावी लागतात. म्हणून पाठ दुखत असेल तर मणक्यांचा बाजूने एक्स-रे काढायचा. या मुलाचा एक्स-रे नॉर्मल आला, झेड-स्कोअर उणे १.४, म्हणजे नॉर्मलच्या आतच.

पण म्हणून काळजीच नको असंही नाही. केमोने हाडांवर परिणाम होतो तो कसा, हे मला स्वतःला फार भारी वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हाड म्हणजे चुना-विटांची मेलेली भिंत नाही, त्यात सतत पाडकाम आणि बांधकाम चालू असतं. पाडणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, साधारण तीन आठवड्यांत खड्डा करून मोकळ्या होतात. बांधणारे गवंडी म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, त्यांना तोच खड्डा भरायला तीन-चार महिने लागतात. आणि बांधता बांधता काही गवंडी स्वतःच भिंतीत चिणले जातात, जिवंत! त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात, मोठ्या माणसाच्या हाडातल्या ९० टक्क्यांहून जास्त पेशी याच. केसाहून बारीक नळ्यांमधून त्यांचे हात एकमेकांना धरून असतात आणि त्या नळ्यांत पाणी असतं. तुम्ही उडी मारली की हाड किंचित, डोळ्याला दिसणार नाही इतकं वाकतं, ते पाणी हलतं आणि आत गाडलेल्या गवंड्याला कळतं की इथे भार येतोय. एरवी तो स्क्लेरोस्टिन नावाचं प्रोटीन सोडून बाहेरच्या गवंड्यांचा ब्रेक दाबून ठेवतो, भार आला की ब्रेक सोडतो. भारच नसेल तर काय होतं ते अंतराळवीरांत दिसतं, व्यायामाची नीट सोय नव्हती तेव्हा खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी व्हायचं.

आता या ट्रीटमेंटमधलं स्टेरॉइड. ल्युकेमियाच्या पेशीला ते आत्महत्येचा आदेश देतं, म्हणून तर ते चालतं. पण तोच आदेश गवंड्यांना आणि गाडलेल्या गवंड्यांनाही जातो, उलट पाडणाऱ्या पेशींचं आयुष्य वाढतं. शिवाय आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीतून जास्त जातं. केमोतलं मेथोट्रेक्सेट नावाचं औषधही हाडाच्या बांधकामात अडथळा आणतं, व्हिन्क्रिस्टिन या दुसऱ्या औषधाने पायातली ताकद जाते म्हणून पोर हलत नाही, डोक्याला रेडिएशन दिलं असेल तर ग्रोथ हार्मोन कमी पडू शकतं. आणि आजार स्वतःसुद्धा हाड पोखरतो, कॅनडातल्या एका अभ्यासात १६ टक्के मुलांचे मणके निदानाच्या वेळीच दबलेले होते.

म्हणून औषधं वाईट असं कुणी म्हणू नका. १९४८ मध्ये बॉस्टनला डॉक्टर सिडनी फार्बरनी अमिनोप्टेरिन नावाचं औषध देऊन मुलांमधला ल्युकेमिया पहिल्यांदा काही काळ मागे हटवला, ते औषध अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या टीमकडून आलं होतं, मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड. त्याआधी ही मुलं काही महिन्यांत जायची.

मोठेपणीच्या हाडातलं जवळपास पाव खनिज वयात येताना उंची झपाट्याने वाढते त्या दोनच वर्षांत जमा होतं. ताईचा मुलगा नेमका त्याच वयात आणि त्यालाच आपण बाकावर बसवणार? ट्रीटमेंट संपल्यावर बऱ्याच मुलांची हाडं हळूहळू भरून येतात, पण भार मिळाला तर. डॉक्टरांनी हो म्हटलं की पळू द्या, दोरीवरच्या उड्या मारू द्या. व्हिटॅमिन डी तपासून घ्या, दूध आणि नाचणी द्या, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. हाडं मजबूत करायची इंजेक्शनं मनाने नकोत.

आणि कुणी जडीबुटी म्हणून बिनलेबलच्या पुड्या आणून दिल्या तर सरळ फेकून द्या. सांधेदुखीवरच्या अशा पुड्यांत चोरून स्टेरॉइड मिसळलेलं पुन्हा पुन्हा सापडलंय, म्हणूनच दोन दिवसांत बरं वाटतं. ज्या मुलाच्या हाडांनी आधीच स्टेरॉइड सोसलंय त्याला परत तेच!

एक गोष्ट मात्र खरंच घाबरण्यासारखी आहे. खुबा, मांडी किंवा गुडघा दुखतोय, पोर लंगडतंय, विशेषतः आजार दहाव्या वर्षानंतर झाला असेल तर उड्याबिड्या थांबवून आधी डॉक्टर गाठा. स्टेरॉइडने हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरू शकतो, सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. खुबा दुखला तरी कळ गुडघ्यात येते त्यामुळे घरचे गुडघ्याला तेल चोळत बसतात. टाटा मेमोरियलमध्ये १९९१ पासून बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक आहे, तुमच्या हॉस्पिटलात तशी सोय आहे का विचारा, आणि कुठली औषधं किती दिली याचा कागद जपून ठेवा, वीस वर्षांनी नव्या डॉक्टरला पहिला तोच लागेल.